बॉनेटची सळई

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर द्यायचे आहे : मास्तरांचा कान चुकला होता की नव्हता? हा प्रश्न मला प्रथम विचारण्यात आला, तेव्हा मी त्याचे लेखी उत्तर दिले होते. ते खरे होते, पण अपुरे होते. अपुऱ्या उत्तरांना मी स्वतः चौतीस वर्षे अर्धे गुण देत आलो. म्हणून आता ते पूर्ण करतो.

प्रथम एक खुलासा. मास्तर म्हणजे मी नव्हे. खरा शिक्षक मी होतो. नागपूरच्या एका शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो. परंतु उमरेड रोडवरच्या त्या आवारात, जिथे जुन्या मोटारी मोडून त्यांतील धातू वेगळे काढले जातात, तिथे मला सगळे 'सर' म्हणत, आणि 'मास्तर' ही पदवी पाचवीत शाळा सोडलेल्या एका सत्तरीच्या गृहस्थांकडे होती. पहिले काही आठवडे मला ते खुपले, हे मान्य करतो.

मी तिथे पोहोचलो तो माझ्या मोटारीच्या मागोमाग. तिचे वय झाले होते. कागदपत्रे पुरी करून तिला तिथे सोडायला गेलो, तर आवाराची मालकीण माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. "सर, घरी बसून काय करून राहिले तुम्ही? आमच्याकडे नोंदी ठेवायला माणूस नाही," ती म्हणाली. दुसऱ्या सोमवारपासून मी प्रताप नगरातून डबा घेऊन निघू लागलो. कामगार तिला ताई म्हणत. मीही तेच म्हणू लागलो, कारण हजेरीपटावरचे तिचे नाव तिथे कोणी वापरत नव्हते.

मोटार मोडणे म्हणजे ती फोडणे, अशी पुष्कळांची समजूत असते. ती चूक आहे. मोटार उकलतात. आधी बॅटरी निघते, मग तेल, पाणी आणि वातानुकूलनाचा वायू. त्यानंतर चाके, काचा, वायरी, इंजिन, आणि शेवटी उरलेला सांगाडा दाबयंत्राखाली जातो. उकललेले सुटे भाग मात्र आधी मास्तरांच्या टेबलावर येत. टेबलावर दोरीने टांगलेले एक चुंबक असे. चुंबकाला चिकटले ते लोखंड; त्यात विद्या नाही. विद्या लागते ती पुढे. गिअरबॉक्सचे अॅल्युमिनियमचे झाकण घ्या. त्याच्या पोटात कधीकधी एक पितळी कडे घट्ट बसवलेले असते. वर्षानुवर्षांच्या काळ्या ग्रीसमुळे ते दिसत नाही, आणि पितळ असल्यामुळे चुंबकालाही लागत नाही. ते तसेच भट्टीत गेले, तर पितळेतील तांबे अॅल्युमिनियमच्या रसात उतरते आणि त्या रसाचे ओतकाम ठिसूळ होते.

मास्तर असे झाकण तारेच्या आकड्याला टांगत, डोळे मिटत, छोट्या हातोडीने एक टिचकी मारत आणि निकाल देत. निकाल दोनच प्रकारचे होते. "कोरी हाय," किंवा "दोन जिवाची हाय, हिले भट्टीत टाकू नका." दोन जिवांच्या झाकणातून पितळी कडे ठोकून बाहेर काढण्याच्या कामाला त्या आवारात सर्रास बाळंतपण म्हणत. माझ्या नोंदवहीत मी त्याला 'पृथक्करण' म्हणत असे, पण तो शब्द दुसऱ्या कोणी वापरल्याचे मला आठवत नाही.

निकाल देताना मास्तरांची आणखी एक रीत होती. बॉनेट उघडे राहावे म्हणून त्याला आतून एक सळई लावतात. अशी एक सळई त्यांनी हातभर कापून घेतली होती. तिचे एक टोक ते दातांत धरत, दुसरे टांगलेल्या झाकणाला टेकवत, आणि मगच टिचकी मारत. मी पहिल्याच दिवशी कारण विचारले.

"हातोडी मारताना जीभ वळवळू नये, म्हणून दातात काही धरावं," मास्तर गंभीरपणे म्हणाले.

गॅसकटर चालवणारा एक पन्नाशीचा, जिभेचा तिखट माणूस शेजारीच होता. तो म्हणाला, "खोटं हाय सर. मास्तर सळईनं दात घासते. पेष्टाचा खर्च वाचते."

मी नोंदवहीत लिहिले : 'सवय, कारण अज्ञात.' सवयीच्या पुढे 'कारण अज्ञात' लिहून पान उलटणारा विद्यार्थी माझ्या वर्गात असता, तर मी त्याला उभे केले असते.

त्यांच्या इतर सवयीही मी अशाच नोंदवल्या आणि सोडून दिल्या. तोंडात खर्रा, म्हणजे घोटलेली तंबाखू-सुपारी, असलेल्या माणसाशी ते बोलत नसत. "आधी थुंक, मंग बोल. तोंड उघडून बोल, तुह्या तोंडात काही सोनं लपवलं नाई." आमच्याकडे खर्रा न खाणारा कामगार शोधावा लागतो, त्यामुळे मास्तरांपुढे सतत थुंकण्याची रांग लागलेली असे, आणि त्यांना व्यसनमुक्तीचे कार्यकर्ते समजून एकदा एक मंडळ सत्काराला आले होते. मास्तरांनी शाल घेतली आणि सत्काराचे भाषण करणाऱ्यालाही मिशी जरा कापायला सांगितली. टेलिफोन ते घेत नसत. "ज्याचं तोंड दिसत नाई, त्याच्यावर भरवसा कायले ठेवाचा?" हे त्यांचे त्यामागचे तत्त्वज्ञान होते. मला ते पटलेही होते.

त्यांच्या कानाची ख्याती मात्र टेबलापुरती नव्हती. दाबयंत्र सुरू झाले की त्या पत्र्याच्या शेडमध्ये शेजारच्याचे ओरडणे शेजारच्याला कळत नसे. अशा एका वेळी, वीस-पंचवीस पावलांवरून, गॅसकटरवाला आपल्या जोडीदाराकडे तोंड करून पुटपुटला, "म्हातारा आज तेरवीले बसल्यासारखा बसला हाय."

मास्तर त्याच्याकडेच पाहत होते; ते तिथूनच गरजले, "तेरवीचं जेवण तुह्याच घरी ठेवू बे! बुंदी जास्त करजो!"

यंत्राच्या गोंगाटात ज्याला पुटपुटणे ऐकू येते, त्याला अॅल्युमिनियमच्या पोटातले पितळ ऐकू येईल यात नवल काय? सगळे असेच म्हणत. मीही असेच म्हणालो, आणि ध्वनी हा विषय मी इयत्ता आठवीला चौतीस वेळा शिकवला होता.

आता दातांकडे वळतो. मास्तरांचे दात एकेक करून रजेवर जात होते. शेवटी उमरेडला दिलेली त्यांची मुलगी येऊन त्यांना रामदासपेठेतल्या दंतवैद्यांकडे घेऊन गेली. उरलेले दात काढले गेले, तोवर मास्तरही सुट्टीवर राहिले, आणि काही काळाने वर-खाली पूर्ण कवळी बसली. कवळी उत्तम होती. मास्तर त्या दिवशी आले ते उगाचच हसत आले.

"मास्तर, नवीन बंपर टाकला का गा?" गॅसकटरवाला म्हणाला.

"बंपर नाई बे, पूर्ण शोरूम हाय. तू पाह्य अन् जळ."

त्यानंतर तिसऱ्या आठवड्यात अॅल्युमिनियमच्या भट्टीवरून तक्रार आली. ताईने एक तुटलेला ओतीव तुकडा आणून टेबलावर ठेवला. "मास्तरकाका, यात तांबं निघालं. पूर्ण घाणाच खराब झाला, म्हणून राहिले ते."

टेबलावर तो माल दुसऱ्या कोणी पाहिलेला नव्हता. मास्तरांनी तुकडा हातात घेतला आणि उलटसुलट पाहिला. ते नेहमी सांगत असत, "ज्या दिवशी माह्या टेबलावरून पितळ भट्टीत जाईन, त्या दिवशी हातोडी खाली." त्यांनी सदऱ्याच्या टोकाने हातोडी पुसली आणि खाली ठेवली.

"ताई, मी गेटवर बसतो. गाड्या लिहीन."

"काका, इतकं काही झालं नाही."

"झालं. तिथं बसतो."

फाटकावर फोन होता. तिथे चालक केबिनमध्ये बसूनच, मान न वळवता, नंबर ओरडत. दोन दिवसांत मास्तरांचे तोंड उतरले. तिसऱ्या दिवशी त्यांनी एका ट्रकचा नंबर चालकाला खाली उतरवून, तोंडाशी तोंड नेऊन तीनदा वदवून घेतला आणि भांडण झाले. आम्ही म्हणालो, टेबल सुटल्याचा राग आहे.

ताईने मला कार्यालयात बोलावले. "सर, मास्तरकाकांचा कान चुकला की नाही, एवढं मला शोधून द्या. शनिवारी भट्टीवाल्यांना उत्तर द्यायचं आहे. चुकला असेल तर टेबल दुसऱ्याला द्यावं लागेल, अन् काका गेटवर महिनाभरही टिकणार नाहीत. नसेल चुकला, तर त्यांना तिथून उठवून आणा."

मी प्रयोग मांडला. बारा झाकणे घेतली. त्यांपैकी सहांच्या पोटात पितळ असल्याची खात्री करून घेतली, पुन्हा ग्रीस थापले, खडूने क्रमांक घातले आणि यादी खिशात ठेवली. मास्तरांना फाटकावरून बोलावले. त्यांनी सळई नव्या दातांत धरली, डोळे मिटले आणि बारा निकाल दिले. सहा बरोबर आले, सहा चूक. नाणे उडवले असते तरी सरासरीने इतकेच आले असते.

"किती?" त्यांनी विचारले.

"बारापैकी सहा."

"म्हणजे पास न सर?" ते म्हणाले आणि हसायचे विसरून गेले.

माझ्या पद्धतीने काढलेला निष्कर्ष स्पष्ट होता : कान गेला. मी तो लिहिलाही. शाई वाळायच्या आत जेवणाची सुट्टी झाली.

मास्तर शेडच्या तोंडाशी, आमच्याकडे पाठ करून जेवायला बसले. कवळी काढून त्यांनी डब्याच्या झाकणात ठेवली. ("फोटोले लावतो, जेवताना काढतो," असे ते सांगत.) इतक्यात मागे रचलेल्या मोटारींच्या दारांची थप्पी कोसळली. लोखंडी पत्र्याची नऊ दारे फरशीवर पडली. माझ्या हातातली पोळी खाली पडली. फाटकावर झोपलेला कुत्रा उमरेडच्या दिशेने पळाला. मास्तरांनी वरणभात कालवला.

माझा घास तोंडातच राहिला. खर्रा, टेलिफोन, मिशी, ट्रकचा चालक; ज्या नोंदी मी वेगवेगळ्या पानांवर टाकल्या होत्या, त्या एका रांगेत येऊन उभ्या राहिल्या. परंतु अनुमान म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून मी उठलो, मास्तरांच्या मागे तीन पावलांवर उभा राहिलो आणि वर्गात बोलत असे तितक्या आवाजात म्हणालो, "मास्तर, तुमच्या सदऱ्याला आग लागली आहे."

मास्तरांनी भातावर लिंबू पिळले.

आता उलट तपासणी करणे आवश्यक होते. मी पुढे गेलो, त्यांच्यासमोर उकिडवा बसलो आणि आवाज मुळीच न काढता, फक्त ओठ हलवून विचारले, "चहा घेणार का?"

"हाव. पण साखर कमी सांगा."

मी जागचा हललो नाही. मास्तर माझ्या तोंडाकडे पाहत राहिले. मग त्यांनी हात धुतले आणि हळूच विचारले, "सर, तुम्ही आवाज काढला नाई का?"

"नाही."

"फसवलं न मास्तराले." त्यांना रागही आला होता आणि हसूही. "गॅरेजात तीस वर्षं पत्रा ठोकला. पत्रा ठोकणाऱ्याचे कान पहिले जाते, मंग कंबर. माहे तं लहानपणापासून वाहत होते, पोरगी शाळेत होती तेव्हा पडदेच गेले."

"मग धातू कसे ओळखत होता?"

त्यांनी बोटाने रिकाम्या हिरडीवर टकटक केले. "दातानं ऐकत होतो. सळईतून सरळ डोक्यात येत होतं, मंदिराच्या घंटीवाणी. आता हे बसवलं," त्यांनी झाकणातल्या कवळीकडे पाहिले, "अन् हे मुकं हाय. पोरीनं हौसेनं करून देल्लं. तिले काय सांगू, तुह्या दातानं माहा धंदा खाल्ला?"

"ताईला तरी सांगायचं."

"काय सांगू? सारे म्हणते, मास्तरचा कान, मास्तरचा कान. अन् मी म्हणू, कानच नाई? मंग मास्तर कायचा?"

इथे थोडे शास्त्र सांगतो. आपल्याला ऐकू येते ते केवळ कानाच्या भोकातून नव्हे. कंप पावणारी वस्तू दातांना किंवा कवटीला टेकली, तर तो कंप हाडांतून थेट आतल्या कानापर्यंत पोहोचतो. मास्तरांचा बाहेरचा मार्ग बंद पडला होता, आतला शाबूत होता. जबड्यात रुजलेला दात कंप पुढे नेतो. हिरडीवर नुसती टेकलेली कवळी त्यातला बराच गिळून टाकते. हा पाठ मी दरवर्षी शिकवला. आणि या गृहस्थांनी तो कोणत्याही पुस्तकाशिवाय, एका बॉनेटच्या सळईवर स्वतः शोधून काढला होता. मी माझा निष्कर्ष खोडला.

दुसऱ्या दिवशी मी घरून नादकाटा, म्हणजे ट्यूनिंग फोर्क, घेऊन गेलो. तो टेबलाच्या रबरी कडेवर आपटून त्याची दांडी मास्तरांच्या कानामागच्या उंच हाडावर टेकवली. त्यांनी माझे मनगट घट्ट पकडले, आणि काटा पूर्ण शांत होईपर्यंत सोडले नाही.

"पुन्हा," ते म्हणाले.

मी पाच वेळा वाजवला. सहाव्यांदा त्यांनी काटा माझ्या हातातून घेतला आणि मलाच बाजूला सारले.

त्यानंतरची युक्ती त्यांची. एका दाराची रबरी पट्टी कापून त्यांनी ती डोक्याभोवती बांधली आणि सळईचे टोक कानामागे, हाडावर घट्ट बसवले. दुसरे टोक पुढे आले. गॅसकटरवाला काम सोडून पाहू लागला.

"मास्तर, कोणता चॅनल लागून राहिला?"

"तुह्या सासऱ्याचा. तुले शिव्या देऊन राहिला."

मी झाकणांचे क्रमांक बदलून प्रयोग पुन्हा केला. बारापैकी अकरा बरोबर आले. चुकलेले एक मी सांगितले, तेव्हा मास्तर म्हणाले, "एक राह्यली. लिहा. लपवू नका." मी लिहिले.

लपवायचे काय आणि सांगायचे काय, हा प्रश्न मात्र माझ्यापुरता उरला होता. मास्तरांचे गुपित फोडण्याचा मला अधिकार नव्हता, आणि खोटे लिहिण्याची सवय नव्हती. मी अहवाल दिला : 'मास्तरांचा कान चुकलेला नाही. दोष उपकरणाच्या जोडणीत होता. जोडणी बदलली आहे. फेरतपासणीत बारापैकी अकरा निकाल बरोबर.' प्रत्येक वाक्य खरे होते, याचा मला बराच अभिमान वाटला.

ताईने अहवाल दोनदा वाचला. "कोणतं उपकरण, सर?"

"सळई."

"उत्तर पूर्ण वाक्यात अन् कारणासहित लिहा, असं तुम्हीच सांगायचे न?" असे म्हणून ती दारात जाऊन उभी राहिली. दाबयंत्र धडधडत होते. पलीकडे फाटकावर मास्तर रजिस्टर मांडीवर घेऊन आमच्याकडेच पाहत होते. ताईने आवाज मुळीच काढला नाही. तिचे ओठ तेवढे हलले. शेजारी उभ्या असलेल्या मलाही काही ऐकू आले नाही.

फाटकावरून मास्तर गरजले, "हाव! उद्या येतो! अन् सळई लावूनच येतो!"

मग त्यांनी माझ्याकडे पाहिले, ते चहाडीखोर मुलाकडे पाहावे तसे. मी मान हलवून नाही म्हटले.

"तुम्ही सांगितलं नाही, माहीत आहे मला," ताई म्हणाली. "लहान होती न मी, बाबांच्या भंगाराच्या दुकानात यायची. माझा आवाज फार बारीक होता. सगळे म्हणायचे, काय? जोरात बोल. मास्तरकाका एकदाही 'काय' नाही म्हणाले. मोठी झाली तेव्हा कारण समजलं."

"मग मला शोधायला का लावलंस?"

"कान गेला हे माहीत होतं. मग इतक्या वर्षांनी चुकलं काय, ते माहीत नव्हतं."

"तर तू प्रश्नच चुकीचा विचारलास."

"तुम्ही दुरुस्त करून घ्याल, असं वाटलं."

ती शाळेत मागच्या बाकावर बसत असे. मी तिला फार कमी गुण देत आलो, असे मला आता वाटते.

मास्तरांनी त्यानंतर बरीच वर्षे टेबल चालवले, डोक्यावर अँटेना घेऊन. पुढे कंबरेनेही राजीनामा दिला, तेव्हा ते उमरेडला मुलीकडे राहायला गेले. जाण्याच्या दिवशी मी त्यांच्याकडे सळई मागितली. नमुना म्हणून जपून ठेवावी असा विचार होता. त्यांनी ती डोक्यावरून सोडली, टांगलेल्या चुंबकाला लावली, ती चिकटल्याची खात्री करून घेतली आणि लोखंडाच्या ढिगात टाकली.

"लोखंड हाय, लोखंडात जाईन. तुमच्या घरी नुसती गंजन, सर. अन् तुमाले दात हाय अजून."

तर उत्तर असे : मास्तरांचा कान चुकला नव्हता, कारण तो निकाल देतच नव्हता. चुकले ते नवे दात.

हे माझ्या शब्दावर मानू नये. स्टीलचा एक लांब चमचा घ्यावा. दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करावेत आणि दुसऱ्या कोणाला तरी चमच्यावर टिचकी मारायला सांगावी. मग चमच्याची दांडी दातांत धरून तेच पुन्हा करावे, आणि फरक स्वतः तपासून पाहावा. कवळी असल्यास दांडी कानामागच्या हाडावर टेकवावी.